शेवटच्या राजाची ताटं

तुला म्हणून सांगतो. चारकोपच्या भट्टीच्या शेडवर बाबांना मीच घेऊन गेलो होतो, भर दुपारी, हसत हसत. गोरेगावला आमच्या मालिकेचा सेट लागत होता. मार्तंडी नावाचं साम्राज्य, सगळं आमच्या डोक्यातून निघालेलं, आणि त्याची भांडी घडवायचं काम माझ्याकडे. पहिल्या राजाची धुरकट काळी, मधल्या राणीची मोरपिशी. शेवटच्या राजाची पांढरी ताटं, प्रत्येकात मधोमध मेलेल्या राजाच्या पंजाचा ठसा. हा रिवाज माझाच शोध, आणि मी त्यावर भलताच खूश होतो.

राजा म्हातारा, म्हणून हातही सुरकुतलेला हवा. बाबा ओल्या मातीत एकेक पंजा दाबत होते, मजेत. त्यांच्या उजव्या करंगळीचं वरचं पेर गिरणीत गेलंय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. घरात कुणाच्या येतं?

आमच्या कलादिग्दर्शक ऋतिकाच्या आलं.

"राजाचं बोट तुटकं? कोणाचा हात आहे हा?"

"असाच... एक कामगार आणलाय. मी भरून काढतो ना."

बाबा मागे नळावर हात धूत होते. नळ बंद झाला.

"मी रिक्षान जातंय," एवढंच म्हणाले.

मी जीभ चावली, पण हाक मारली नाही. मान खाली घालून प्रत्येक ताटात माझ्या करंगळीनं ते पेर पुरं केलं.

भट्टी निवल्यावर ती सांभाळणाऱ्या शेवंतीताईनं दार उघडलं. शेडमध्ये जळक्या मातीचा वास कोंडला होता. ताटं काढता काढता ती थांबली.

"सर, तुम्ही बोट भरलं होतं ना?"

"हो."

"मग हे बघा..."

एकाही ताटात ते पेर नव्हतं. तुटलेलंही नव्हतं. झिलई अखंड, गुळगुळीत, तिथे कुणी कधी बोट टेकवलंच नसावं अशी. शेवंतीताई पदर तोंडाशी धरून मागे सरकली. मला भीती वाटायला हवी होती. मला लाज वाटली, कान तापेपर्यंत.

माफी मागायचीच, असं ठरवून घरी आलो. तिन्हीसांजेला बाबा गॅलरीत बसले होते, पाठमोरे, दिवा न लावता.

"बाबा... त्या दिवशी मी..."

"कामगारच मी," ते हळूच म्हणाले. "तू खोटा खंय बोललंस?"

मग उजवा हात त्यांनी माझ्यापुढे धरला. करंगळी पुरी होती. वरचं पेर पांढरं, चकचकीत, त्यावर केसाएवढे बारीक तडे.

"आता सांगशीत मा रे... माजो बापूस म्हणान?"

मी तो हात दोन्ही हातांत घेतला. पेर नुकतंच भट्टीतून काढल्यासारखं गरम होतं.