न्याईच्या तीन काती

न्याई भाजून मेली होती. आठ वर्षांची अजगर मादी, पाठ करपलेली, घरी बनवलेल्या लाकडी पेटीत वेटोळं घालून पडलेली.

"सुनेनं मारलं तिला," जुमहाना म्हणाला; सगळे त्याला अबाह, म्हणजे बाबा, म्हणत. जावा बेटावरच्या डोंगराळ लेम्बांगच्या थंडीत साप उबदार कसा ठेवायचा, हे गावच्या सापवाल्यांना शिकवणारा हाच म्हातारा. 'आधी जाळी, मग थर्मोस्टॅट, मग साप' हे त्याचं वाक्य सगळ्यांना पाठ. "बल्बला मी जाळी लावली होती. हिनं काढली. साप उघड्या बल्बला बिलगला. आज ही माहेरी जाते, गारुतला. कायमची."

खासगी तपासनीस तेह विविनला, म्हणजे विविनताईला, त्या सुनेनं, रोस्तिकानंच बोलावलं होतं. पाचवा महिना लागलेली ती पोरगी दारात उभी होती आणि नवरा यायान मुकाट्यानं तिची बॅग भरत होता.

"जाळी सापडली कुठे?" विविननं विचारलं.

"हिच्या ओट्याखाली." अबाहनं चकचकीत जाळी पुढे केली. "दोन वर्षं पेटीत होती."

"तू काढलीस?"

"मी त्या खोलीत पाऊलही टाकत नाही, तेह. जानेवारीत लग्न होऊन आले, तेव्हापासून सापाची भीती वाटते."

"यायान, पेटीत जाळी पाहिली होतीस?"

"अबाह म्हणतात म्हणजे असेल."

"डोळे तुझे की अबाहंचे?"

यायान पुन्हा बॅग भरू लागला.

विविनचा जोडीदार ओदांग पेटीत डोकं घालून बसला होता. "झाकण एकदम गुळगुळीत आहे. बल्बच्या तारेचं एक भोक, बस्स." मग तो भिंतीकडे वळून हसला. तिथे काचेच्या चौकटीत न्याईच्या तीन काती होत्या, खाली तारखा. पहिली दोन वर्षांपूर्वीची, शेवटची गेल्या डिसेंबरची. "अबाह, तिन्ही काती पोटाकडून लावल्यात! नक्षी तर पाठीवर असते."

विविननं पहिली चौकट उतरवली.

"हात लावायचा नाही!" अबाह ओरडला.

तिनं तिन्ही काती पलटल्या. पहिल्या कातीच्या पाठीवर करपलेल्या खवल्यांचा डाग नखाएवढा होता, दुसरीवर बोटाएवढा, डिसेंबरच्या कातीवर तळहाताएवढा.

"भाजल्याची खूण कातीवर उतरते," विविन म्हणाली. "डिसेंबरमध्ये रोस्तिका या घरात नव्हती. दोन वर्षं बल्बवर तापलेली जाळी अशी कोरी राहत नाही. आणि जाळी बसवायला झाकणाला एक तरी स्क्रूचं भोक हवं होतं. पेटीत जाळी कधी नव्हतीच, अबाह. न्याई दोन वर्षं भाजत होती. ते तुम्हाला माहीत होतं, म्हणून तिची पाठ भिंतीकडे वळवलीत. ती मेल्यावर नवी जाळी आणून सुनेच्या ओट्याखाली टाकलीत."

ओदांगला कळेना. "पण स्वतः जाळी लावायला काय झालं होतं?"

"साफ करताना मध्ये येते," अबाह पुटपुटला. "आणि साप काही ओरडत नाही."

ओदांगनं पेटीचं झाकण लावलं.

यायान घाईघाईनं बॅगेतले कपडे बाहेर काढू लागला.

"राहू दे," रोस्तिका म्हणाली. "मीसुद्धा या घरात कधी ओरडले नाही. तूच भरलीस ना? मग बसथांब्यापर्यंत उचलून दे."

यायाननं परवानगीसाठी बापाकडे पाहिलं.

रोस्तिकानं बॅग स्वतःच उचलली.