राखाडी किल्लीची साक्ष

“पतंग घेतले, मांज्याची चरखी घेतली, चिवडा घेतला! आता फक्त निनाद यायचा राहिला!” असं म्हणत मुकुलने पिशवीचं तोंड आवळलं.

दिवाळीची सुट्टी लागल्यापासून गंगेपलीकडच्या रेतीवर जायचा बेत रोज ठरत होता आणि रोज मोडत होता. आज तो मोडणार नाही, असं ईशानीने सकाळीच जाहीर केलं होतं. ती मुकुलची दोन वर्षांनी मोठी बहीण, त्यामुळे जाहीर करण्याचं काम तिच्याकडेच असे.

एवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. त्यांचा मित्र निनाद असेल म्हणून दोघं धावली, तर बाबा! घामाघूम, चष्मा कपाळावर, हातात गाडीची किल्ली.

“चोरी झाली! पंचारती गेली! त्या बेचनला मी सज्जन समजत होतो!”

बाबा संस्कृत महाविद्यालयात व्याकरण शिकवत. हजारो सूत्रं तोंडपाठ, पण छत्री कुठे ठेवली ते विचारू नये! बालाजी घाटावरच्या मराठी मंडळींची चांदीची पंचारती पुलापलीकडच्या रामनगरला उजळायला दिली होती. पाडव्याच्या पहाटे तिनेच आरती व्हायची, आणि ती आणायचं काम विश्वेश्वर आजोबांनी बाबांवर सोपवलं होतं. आजोबा घाटावरच्या बालाजी मंदिराचे पुजारी, त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

“काल संध्याकाळी मी ती गाडीच्या डिकीत ठेवली,” बाबा धापा टाकत म्हणाले. “रामनगरहून आलो, गाडी मैदागिनच्या पार्किंगच्या आवारात लावली आणि किल्ली नेहमीसारखी बेचनकडे दिली. आज जाऊन डिकी उघडली, तर आत फडकंसुद्धा नाही! रात्रभर किल्ली कोणाकडे होती? बेचनकडे!”

त्यांच्या घराच्या गल्लीत दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागे, तिथे मोटार कुठली यायला! म्हणून गाडी त्या आवारात असे. तिथे गाड्या इतक्या दाटीने लावत की मागची काढायची तर पुढच्या चार हलवाव्या लागत. त्यासाठी सगळ्यांच्या किल्ल्या तिथल्या राखणदाराकडे, बेचनचाचाकडे असत.

“आवाराच्या मालकाने त्याला सांगून टाकलंय. दिवेलागणीपर्यंत वस्तू आली नाही, तर उद्यापासून यायचं नाही!” एवढं बोलून बाबा किल्ली टेबलावर टाकून आजोबांकडे निघून गेले.

शाळेतून येताना तिच्या हातावर रोज भाजलेले शेंगदाणे ठेवणारा, ‘आ गइलू बिटिया’ म्हणून हसणारा बेचनचाचा चोर? तिला ते मुळीच पटेना.

निनाद आला तेव्हा पतंगाची पिशवी कोपऱ्यात पडली होती आणि ईशानी टेबलावरच्या किल्लीकडे टक लावून बघत होती.

“हिला कुंकू लागलंय,” ती म्हणाली.

“लागणारच! देव्हाऱ्यातली आहे ती,” मुकुल म्हणाला. “खंडेनवमीला आपण किल्ल्यांची पूजा नाही का केली? दोन काळ्या किल्ल्या तेव्हापासून देवापुढेच आहेत. बाबा म्हणाले, पूजेतल्या किल्ल्या रोजच्या वापरात आणायच्या नाहीत. एकदम सोवळ्यातल्या!”

“मग आज का काढली?”

“बेचनचाचा कार्तिकस्नानाला गेले होते ना! त्यांच्याकडची किल्ली मिळेना, म्हणून बाबा परत आले आणि ही घेऊन गेले.”

“आणि त्यांच्याकडची कशी आहे?”

“राखाडी. मरतुकडी दिसते, म्हणून तिला पूजेत घेतलंच नाही,” मुकुल हसला.

ईशानी ताडकन उठली. “चला! यार, मला दोन्ही किल्ल्या शेजारी ठेवून बघायच्या आहेत.”

आवारात बेचनचाचा उन्हात बसला होता. आज त्याच्या मांडीवर शेंगदाण्यांची पुडी नव्हती. मुलांना पाहून त्याने मान खाली घातली.

“बिटिया, हम नाहीं लिए. गंगाजी की कसम!”

“आम्हाला ठाऊक आहे, चाचा! जरा ती चाबी द्या ना.”

राखाडी किल्लीने दार चटकन उघडलं. इंजिनही सुरू झालं असतं, पण निनादने मुकुलचा कान धरून त्याला सीटवरून खाली ओढलं. मग ईशानी डिकीपाशी गेली. किल्ली आत शिरली, पण फिरेना! डावीकडे नाही, उजवीकडे नाही.

“तुझ्यात जोर नाही,” म्हणत निनादने हात लावला. त्याचा चेहरा टोमॅटोसारखा झाला, किल्ली मात्र हलली नाही. ईशानीने काळी किल्ली घातली. खट्! डिकी उघडली.

“बाप रे!” मुकुल ओरडला. “आतून उघडायचा खटका असतो ना सीटजवळ?”

त्यांनी तोही ओढून पाहिला. तो जागचा हलला नाही. त्यालाही एक बारीकसं कुलूप होतं, आणि राखाडी किल्ली तिथेही फिरेना!

“थांबा, नीरजामावशीला विचारू या!” ईशानीने निनादचा मोबाइल ओढून घेतला. नीरजामावशी आईच्या बँकेतली. निवृत्त होऊन पुण्याला जाताना आपली जुनी गाडी तिने यांनाच विकली होती.

“अगं, ती राखाडी म्हणजे परक्याच्या हाती द्यायची किल्ली!” पलीकडून मावशी खळखळून हसली. “हॉटेलात, गॅरेजमध्ये गाडी द्यावी लागते, म्हणून कंपनीच ती देते. दार उघडेल, गाडी चालेल, पण डिकी आणि पुढचा कप्पा उघडणार नाही. आतला खटकासुद्धा मी काळ्या किल्लीने कुलूपबंद करून ठेवलाय. तुझ्या बाबांना सगळं नीट समजावलं होतं की!”

“बाबा तेव्हा काय करत होते?”

“फोनवर बोलत होते. मान मात्र डोलावत होते हं!”

ईशानीने फोन ठेवला.

“म्हणजे चाचांना डिकी उघडताच आली नसती!” मुकुल नाचायला लागला.

“हळू! अजून एक गोष्ट आहे,” ईशानीचे डोळे चमकले. “काल बाबा कुठली किल्ली घेऊन रामनगरला गेले होते?”

निनादचा जबडा खाली आला. “अरे देवा!”

मुलांनी सगळ्यांना बोलावून आणलं आणि तासाभरात आवारात चांगलीच गर्दी जमली. मालक होता, विश्वेश्वर आजोबा होते, आणि त्यांच्यामागे घुश्शातले बाबा. मोठ्या माणसांना, त्यातून स्वतःच्या बाबांना चारचौघांत खोटं पाडायचं ईशानीला भय वाटत होतं. पण कोपऱ्यात उभा बेचनचाचा दिसला आणि ती पुढे झाली.

“बाबा, काल डिकी उघडलीत, तशी एकदा उघडून दाखवता? याच राखाडी किल्लीने.”

“त्यात काय दाखवायचंय!” बाबांनी किल्ली घातली. फिरवली. पुन्हा फिरवली. धोतराचा सोगा सावरून दोन्ही हातांनी फिरवली.

“काल... काल तर...” ते पुटपुटले.

“काल फिरली होती?” ईशानीने अगदी हळू विचारलं.

बाबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. “नव्हती फिरली,” ते सावकाश म्हणाले. “मी किल्ली घातली, आणि तेवढ्यात प्राचार्यांचा फोन आला. बोलत बोलत मी समोरच्या लस्सीच्या दुकानात बसलो... हे राम! पिशवी बाकाखाली!”

“चला रामनगर!” तिन्ही मुलं एका सुरात ओरडली.

पुलावर वाहनांची रांग लागली होती आणि सूर्य भराभर खाली येत होता. ईशानी मनातल्या मनात बालाजीला हात जोडत होती. पिशवी कोणी उचलली असेल तर? चाचाचं काय होईल? गाडी थांबते न थांबते तोच ती उडी मारून दुकानात शिरली.

“भइया, कल एक झोला...”

“पंडितजीवाला?” दुकानदाराने दह्याच्या कुंड्यांमागून पिशवी काढली. “हम पीछे से चिल्लाते रह गए, ये फोन कान में लगाए चल दिए!”

फडकं सुटलं आणि पंचारती लखलखली. बाबांनी ती कपाळाला लावली, पण त्यांचे डोळे भरून आले होते ते आनंदाने नव्हे.

दिवेलागणीच्या आत गाडी परत आली. बाबा खाली उतरले, ते तडक बेचनचाचापुढे जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांदेखत त्यांनी हात जोडले. “बेचन, गलती मेरी थी. मुझे माफ कर दो.” मग त्यांनी खिशातून कुंकू लागलेली काळी किल्ली काढली. “आजपासून ही ठेव. हिने सगळं उघडतं.”

बेचनचाचाने ती किल्ली नीट निरखली आणि परत बाबांच्या हातात ठेवली.

“ना पंडितजी. हमके त ऊ मरियलवाली ही दे दीजिए. एही हमार इज्जत बचवलस.”

ईशानीने राखाडी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली, तेव्हा तो कितीतरी वेळाने हसला.

“प्रल्हाद,” विश्वेश्वर आजोबा बाबांना म्हणाले, “पूजा केलीस ती ठीक, पण ज्याची पूजा करतोस ते काय आहे, हे पोरांकडून शीक! पाडव्याला पंचारती ईशानीच्या हातात द्यायची. आणि हे दोघे वीर घंटा वाजवतील.”

“आजोबा, पतंगाचं काय?” मुकुल कळवळून म्हणाला.

“उद्या मीही येतो रेतीवर,” बाबा म्हणाले, “फोन घरी ठेवून!”

पाडव्याच्या पहाटे आरतीला बेचनचाचा सर्वांत पुढे उभा होता. देव्हाऱ्यातल्या कुंकवाची बोटं आदल्या संध्याकाळी मुकुलने त्या राखाडी किल्लीलाही लावली होती, आणि ती चाचाने जानव्याला बांधून आणली होती.