सुरंगीची वासखूण

सुरंगीचा वास आला की पळायचं, हे सडेवाडीतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी शिकवलं जाई. पळायचं तेही वाऱ्याकडे तोंड करून, चढावर.

गावाखालच्या जुन्या चिरेखाणींत अणुभट्ट्यांच्या कचऱ्याची पिंपं ठेवली होती. त्यांतून झिरपू शकणारा क्रिप्टॉन वायू किरणोत्सर्गी. त्याला ना रंग, ना वास. हवेपेक्षा जड असल्यानं तो खोलगट जागी गुपचूप साचून राहतो. स्वयंपाकाच्या गॅसला तरी स्वतःचा वास कुठे असतो? गळती कळावी म्हणून त्यात दुर्गंध मिसळतात. तशीच डॉ. शाल्मली बर्वे यांनी पिंपांत 'वासखूण' भरली होती. दुर्गंध मात्र चालेना. मासळी सुकवणाऱ्या गावात दुर्गंधाला कोण भीक घालतो? आसपास कुठेच नसलेला वास हवा होता. सुरंगीची झाडं चाळीस वर्षांपूर्वी रोगानं नामशेष झाली होती. बाईंनी पुण्यात बसून सुरंगी निवडली. शास्त्र म्हणून त्यात खोट नव्हती.

चैत्रात एक पिंप गळलं. पोरंबाळं, सुना, सगळे चढावर गेले. म्हातारे सगुण मेस्त्री सापडले ते थेट खाणीच्या तळाशी, मांडी घालून बसलेले.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाल्यावर पुण्याहून आलेल्या शाल्मलीनं त्यांना विचारलं, "काका, तुम्हाला वास आला नाही?"

"इलो मां."

"मग पळाला का नाहीत?"

"पळालंय तर." मेस्त्रींनी गुडघा चोळला. "वासाकडे."

शाल्मलीनं खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"माझी बायल चैतात वळेसर माळी," मेस्त्री म्हणाले. वळेसर म्हणजे सुरंगीच्या कळ्यांचा दाट गजरा. "ती गेली, मगे झाडां गेली. तिचो चेहरो माका आठवणा नाय होतो, बाय. काल खाणीत आठवलो."

शाल्मलीला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. "मी वासखूण बदलते. असा वास सांगा, ज्याच्यामागे कोणी जाणार नाही."

मेस्त्रींनी मनापासून विचार केला. "शेणाचो? गुरां खंय रवलीत आता. बिडयेचो म्हणशीत, तर माझो बापूस बिडी ओढी." त्यांनी मान हलवली. "नाय गावणा, बाय."

"ते पिंप आज बंद होईल. पुन्हा तिथे गेलात तर जिवाला मुकाल."

"आणि दुसरी पिंपां?"

त्यांना धाक बसावा म्हणून ती खरं तेच बोलली. "पिंपंच ती, काका. आज ना उद्या सगळीच गळणार."

मेस्त्रींचा चेहरा उजळला. दारातून बाहेर डोकावत ते म्हणाले, "ऐकलात गो? सगळी गळतली."

शाल्मलीनं वळून पाहिलं. खाणीच्या वाटेवर अडवून आणलेल्या तीन म्हाताऱ्या तपासणीसाठी बाकावर बसल्या होत्या. तिघींनीही केस धुऊन नीट अंबाडे घातले होते.