बाबांना चढता येईल अशी गाडी

मी आधी त्याचे फक्त बूट पाहिले.

जुन्या गाड्यांच्या आवारात मी एका गाडीखाली उताणी पडले होते. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात छोटी हातोडी. डोंगरात, कच्च्या वाटांवर न्यायच्या गाड्या लोक बहुतेक जुन्याच घेतात. घेण्याआधी त्यांचं पोट तपासून द्यायचं, हा माझा धंदा. आवारातली माणसं मला टॉर्चबाई म्हणायची... कौतुकानं नव्हे.

शेजारी एक लाल गाडी उभी होती. छातीएवढ्या उंच बॉनेटची, दांडग्या चाकांची, टपावर घडीचा तंबू बसवलेली. तिच्यापाशी नीट पॉलिश केलेले तपकिरी बूट येऊन थांबले आणि त्यांच्यामागून आवाराच्या मालकाच्या चपला.

"अशी गाडी परत मिळायची नाही, साहेब," मालक म्हणाला. "डोंगर काय, भिंत चढेल."

"मग... ठरवूनच टाकू," बुटांचा धनी म्हणाला. आवाज मऊ होता. पटकन फसणाऱ्या माणसाचा असतो तसा.

मला राहवलं नाही. "ती घेऊ नका," मी खालूनच म्हटलं.

बूट दचकले. मग गुडघे टेकले गेले आणि चष्मा लावलेला एक चेहरा गाडीखाली डोकावला. "कोण बोललं?"

"मी. त्या लाल गाडीच्या सांगाड्याला मधोमध जोड आहे. वरून काळा रंग फासलाय. दाखवू?"

दुसरा कुणी असता तर हसून निघून गेला असता. हा मात्र चांगला इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यामागोमाग सरळ लाल गाडीखाली शिरला आणि माझ्या शेजारी उताणा झाला. मी टॉर्च मारला.

"ही रेघ दिसते?"

"दिसते की. नजर चांगली आहे माझी... म्हणजे लोकांची नजर तपासायचंच काम करतो. चष्म्याचं दुकान आहे."

"मग इतका वेळ काय बघत होतात?"

"लाल रंग," तो म्हणाला. इतकं खरं बोलला, की मला हसू आवरेना.

बाहेर आल्यावर मालकानं माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. पण माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. मला उठवायला चष्मेवाल्यानं हात पुढे केला होता. माझ्या हाताला ग्रीस होतं, ते त्याला दिसलंही होतं... तरी त्यानं हात मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. त्याला गाडी मीच निवडून द्यायला हवी होती. भेटलो तेव्हा त्यानं यादी काढली. ओढायची यंत्रं, टपावरचे दिवे, चिखलातून सुटायच्या पट्ट्या... दोन पानं भरली होती.

"यात माणसं कुठेत?" मी विचारलं.

त्यानं यादीची घडी घातली. मग चष्मा पुसत पुसत सांगू लागला. त्याच्या बाबांनी तीस वर्षं शाळेची बस चालवली. दर सुट्टीत ते सगळ्यांना एका खटारा गाडीत कोंबून डोंगरावरच्या तळ्याकाठी न्यायचे. तंबू ठोकायचा, चार दिवस राहायचं. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू कमजोर झाली आणि गाडी विकून टाकावी लागली. "तेव्हापासून बाबा खिडकीपाशी बसतात. कुठे जाऊ या म्हणत नाहीत. जाऊ नका असंही म्हणत नाहीत." त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. "त्यांना तळ्यावर न्यायचंय. आईलाही."

"मग यादी राहू दे. रविवारी दोघांना घेऊन या. गाडी माणसं बसवून बघायची असते."

रविवारी तिघंही आली. पहिल्याच गाडीपाशी बाबांनी पायरीवर पाय ठेवला आणि अडले. पायरी गुडघ्याच्या वर. विकणारा मदतीला धावला आणि मागून ढकलू लागला. बाबांचे कान लालबुंद झाले. आई उगाचच पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या.

"बाबा, उतरा," मी म्हटलं. "ही गाडी नापास."

"मीच नापास, पोरी," ते सावकाश म्हणाले. जिभेवर अजून थोडं ओझं होतं.

"तुम्ही नाही. ही पायरी विनाकारण उंच आहे. तळ्याच्या वाटेला पोटाखाली वीतभर मोकळी जागा, जाड टायर आणि चारही चाकांना जोर देणारा छोटा गिअर, एवढं पुरतं. बाकी नुसता थाट."

बाबांनी मला नीट निरखलं. "तो छोटा गिअर लावायचा कधी?"

"चढ लागायच्या आधी. मध्यावर गेल्यावर नाही."

"आणि उतारावर?"

"तोच. ब्रेकवर कमी, गिअरवर जास्त."

ते लेकाकडे वळले. "हिला सोडू नकोस."

ते कामाबद्दल बोलत होते. तरी चष्मेवाल्याचे कान बापाच्या कानांइतकेच लाल झाले.

चार रविवार आम्ही गाड्या पाहत हिंडलो. एकीत मागच्या बाकावर आईंचे गुडघे समोरच्या सीटला टेकत होते, दुसरीत सामान ठेवलं की मागचं काहीच दिसत नव्हतं. एक तर इतकी गुळगुळीत होती, की ती आयुष्यात कधी मातीत उतरलीच नसावी. मी नाही म्हटलं की तो एकदाही हुज्जत घालायचा नाही. "का ते सांगाल?" एवढंच विचारायचा आणि मन लावून ऐकायचा. इतकी वर्षं "पुरुष मेकॅनिक नाही का कुणी?" हेच ऐकत आले होते मी. रविवारी संध्याकाळी घरी जाताना मला वाटायचं, या माणसाचे आभार मानावेत... पण कशाबद्दल म्हणून मानणार?

एकदा तो अचानक म्हणाला, "लांबच्या गाडीचा नंबर वाचताना तुम्ही डोळे बारीक करता. शनिवारी दुकानात या."

दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत त्यानं माझ्या नाकावर लोखंडी चौकट बसवली. तो एकेक काच घालत गेला. बोटं किती हलकी होती त्याची...

"हे बरं, की हे?"

"पहिलं."

"आणि आता? समोरची शेवटची ओळ वाचा. माझ्याकडे नाही, समोर."

"समोरची अक्षरं पुसट आहेत," मी म्हटलं. "तुम्ही मात्र स्पष्ट दिसताय."

त्याच्या हातातून काच निसटली. नशीब, गालिचा होता. त्या दिवशी त्यानं माझा नंबर दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिला.

गाडी सापडली ती गुरांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे. नऊ वर्षांची, मातकट रंगाची, दारावर गाईच्या लाथेचा पोचा असलेली. खालून मात्र अगदी निरोगी. पायरी बुटकी होती आणि मागे आईंना ऐसपैस जागा होती. अडचण एकच उरली. डावीकडच्या दारातून चढताना धरायचं हँडल बाबांच्या डाव्या हाताशी येत होतं आणि त्याच हातात जोर नव्हता. सौदा झाल्यावर मी गाडी माझ्या मामाच्या गॅरेजात नेली. सीटच्या मागच्या खांबाला, उजव्या हाताला लागेल असं दुसरं हँडल पक्कं बसवलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ते धरलं. एकदा ओढून पाहिलं. मग पाय टाकला, अंग उचललं... आणि बसले. कुणाचाही हात न लागता. कितीतरी वेळ ते डॅशबोर्डवरून तळवा फिरवत राहिले.

"दोन वर्षांत," ते म्हणाले, "मला 'थांबा, धरते' असं न म्हणणारी तू पहिली आहेस, पोरी."

मी आणि त्यांचा लेक गाडीच्या दोन बाजूंना उभे राहून उगाचच टायर बघत राहिलो.

माझं काम संपलं होतं. पण त्याचे फोन काही संपेनात. आधी वायपर वाजतो म्हणून, मग दार घट्ट लागतं म्हणून. तिसऱ्यांदा म्हणाला, "स्टेपनी जरा... उदास वाटते."

"स्टेपनी?"

"म्हणजे मला तसं वाटलं." मग एका दमात म्हणाला, "शुक्रवारी आम्ही तळ्यावर निघतोय. बाबा म्हणतात, तुम्ही आलात तरच येणार."

"बाबा म्हणतात?"

"...मीही."

मी गेले. वाट शेवटच्या टप्प्यात एकदम खाली उतरत होती. नुसते सुटे दगड, एका बाजूला घळ. चष्मेवाल्यानं गाडी थांबवली. स्टिअरिंगवरची त्याची बोटं पांढरी पडली होती. मी मागून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि पुढच्या सीटकडे नजरेनं दाखवलं.

बाबा ताठ बसले होते. "छोट्या गिअरात घे," ते म्हणाले. "आता ब्रेकवरचा पाय काढ."

"बाबा, घसरेल..."

"नाही घसरणार. गिअर धरून ठेवेल तिला. डावीकडचा मोठा दगड बघ, त्यावरून चाक घे. दोन दगडांच्या मधून नको. हां... तस्सं. घाई कुणाला आहे?"

त्यांची जीभ एकदाही अडखळली नाही. दगडामागून दगड ते गाडी खाली उतरवत होते आणि त्यांचा लेक त्यांच्या शब्दावर चालवत होता. आईंनी माझा हात घट्ट दाबला. माझ्या हातोडीनं आणि टॉर्चनं कुणाला त्याची जागा परत मिळेल, हे मला ठाऊकच नव्हतं. या माणसांमुळे कळलं.

तळं तसं लहानसंच होतं. सकाळी त्यावर धुकं बसलं होतं. बाबा काठावर खुर्चीत बसून पाण्याकडे पाहत होते. आई तंबूच्या तोंडाशी घोंगडी झटकत होत्या. मी गाडीच्या मागच्या फळीवर स्टोव्ह ठेवून चहा केला आणि एक कप त्याला दिला. तो घेऊन नुसताच उभा राहिला.

"तुमचे आभार मानायचे होते," तो म्हणाला. "काल रात्रभर शब्द जुळवत होतो. काही जमलं नाही."

"आभार मीही मानायचे आहेत."

"तुम्ही? कशाबद्दल?"

"त्या दिवशी माझं ऐकलंत म्हणून. चांगल्या शर्टानिशी मातीत आडवे झालात म्हणून. नाही म्हटलं की 'का' विचारलंत म्हणून..." माझाच आवाज मला अनोळखी वाटू लागला. "अजून आहे, पण आता सुचत नाही."

तो कपाकडे बघत राहिला. "आता गाडीत काही बिघडत नाही हो. चार दिवस शोधतोय. तुम्हाला बोलवायला निमित्तच उरलेलं नाही." मग त्यानं चष्मा काढला आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. "बिननिमित्ताचं याल? रोज? म्हणजे... कायमचंच?"

धुक्यातून एक पाखरू पाण्याला शिवून वर गेलं. मी मनात शब्द शोधत होते आणि सापडला तो फारच लहान होता.

"चहा गार होतोय तुझा," मी म्हटलं.

तो "हो, हो" म्हणून घाईनं कप तोंडाला लावू लागला. त्याच्या काही ध्यानातच आलं नाही. तंबूपाशी आईंचे घोंगडी झटकणारे हात मात्र थांबले. त्या गालातल्या गालात हसल्या आणि लेकाला म्हणाल्या, "अरे, ती 'तुझा' म्हणाली, ऐकलंस का नीट?"

मग त्यानं ऐकलं.