उंबऱ्यापुरतं कोलम

सत्त्याण्णवच्या मार्गळी महिन्यात, ऐन डिसेंबरात, माझं कोलम — आमची तांदळाच्या पिठाची रांगोळी — जरा माजलंच! तंजावरच्या राजवाड्यामागची आमची गल्ली ती केवढी... समोरासमोरच्या दोन उंबऱ्यांमध्ये एक रिक्षा कशीबशी मावते. पहाटेच्या धुक्यात ठिपके मांडत मांडत मी थेट समोरच्या दारालाच भिडले.

दार उघडलं. मुरलीकृष्ण.

"वाणी... आमच्याकडे वर्ष पाळतायत."

अय्यो! त्याची आई, कमलाक्षीमावशी, चैत्रात गेली होती. अशा घरापुढे वर्षभर कोलम नसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि मला ठिपके जोडायला शिकवलं ते मावशीनेच. मी त्याच्या बाजूचं पीठ ओल्या हाताने पुसलं. डोळे भरून आले होते.

"अर्धंच ठेवलंस?"

"निम्मी गल्ली आमची. उरलेलं अर्धं, वर्ष सरल्यावर."

तेव्हापासून मी रोज अर्धंच काढायची. अर्धं कमळ, अर्धी चांदणी... तो कॉफीचा टंबलर घेऊन पायरीवर बसायचा.

"ही चांदणी पूर्ण केली आणि फिरवली, तर तशीच दिसेल?"

"चांदणी दिसेल. माणसांचा भरवसा नाही."

"टीचरम्मा, सकाळी सकाळी टोमणे!"

"मग रोज येता कशाला?"

त्याने रिकामा टंबलर पुन्हा तोंडाला लावला. शाळेत परिमिती शिकवताना घसा फोडणारी मी — खाली वाकून पुन्हा ठिपके मोजू लागले.

मग आईनेच बातमी आणली. मुरलीला बंगळूरला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली, वर्षश्राद्ध झालं की घराला कुलूप. अस्सा राग आला! ते अर्धं मग कुणासाठी राखलं होतं मी? माझा जीव जडला होता त्याच्यावर, लपवायचं काय त्यात.

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी माझ्या बाजूला एक राघू काढला, चोच गल्लीच्या मध्याकडे. उठणार, तोच तो बाहेर आला. हातात पिठाची वाटी. पुरुषमाणूस! उकिडवा बसून वेडावाकडा राघू काढू लागला.

मला हसू फुटलं. "अहो, माझा जसाच्या तसा उचललात! माझा तुमच्याकडे बघतोय, तुमचा माझ्याकडे पाठ करून बसलाय. आरशात दिसतो तसा हवा."

त्याने पुसला, पुन्हा काढला. आता चोचीसमोर चोच आली, मध्ये बोटभर फट.

"आरशासारखं काढायचं तर समोर कुणीतरी लागतं," तो हळूच म्हणाला. "बंगळूरला माझ्या समोर कोण, वाणी? तू... येशील?"

मी विचारलं, "अंगण आहे तिथं?"

"नाही. तिसरा मजला. उंबऱ्यापुढे दोन वीत जागा, बस."

"क्षेत्रफळ लहान असलं म्हणून कोलम अडत नाही," मी म्हटलं, आणि त्याच्या वाटीतलं चिमूटभर पीठ घेऊन दोन्ही चोची जोडल्या.