सुलटी बसवलेली फरशी

"हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या," मिस्त्रीकाका म्हणाले. कामावरची चार पोरं जेवून त्यांच्याभोवती टेकली होती. "माझ्या सख्ख्या साडूवर गुदरलेली गोष्ट आहे. मध्ये कोणी दात काढले तर कानाखाली आवाज काढीन."

साडू फरशीवाला. बसवायचा आणि पॉलिशही करायचा. गेल्या वर्षी, सतरा फेब्रुवारीची रात्र. एका नव्या घराचं स्वयंपाकघर तेवढं राहिलं होतं आणि सकाळी माणसं राहायला येणार होती. बायकोला घेऊन तो गेला. तो मशीन धरायचा, ती पाणी सोडायची. वीस वर्षं दोघांचं असंच चाललेलं.

फरशी ज्या खाणीची होती, त्या खाणीच्या दगडात मासे निघतात. कधीकाळी तिथे समुद्र होता. गाळाचा दगड झाला, माशांचाही झाला. साधा मासा असला तर फरशी खुशाल बसवा. पण शार्कचा जबडा निघाला तर फरशी उलटी घालायची, दात जमिनीकडे. खाणीवर हे सगळ्यांना माहीत. साडूलाही माहीत. पण या घरच्या एका फरशीत जबडा निघाला, मालकिणीला ती नक्षी आवडली, आणि याने ती सुलटी बसवली.

"दगडाचे दात काय चावणार?" तो बायकोला म्हणाला.

"चावतील की. तुमच्या आई चावतात, त्यांना तर दातही नाहीत."

दोघं हसले. मशीन सुरू झालं.

पावणेदोनला जबडा आरशासारखा चकाकला आणि साडूच्या लक्षात आलं, पाणी घोट्यापर्यंत चढलंय. मोरी मोकळी होती. नळ बंद होता. पाण्याला खारट वास येत होता.

लाइट गेली.

"अगं, दाराकडे हो."

"दार कुठंय?"

खोली दहा बाय बारा. तिचा आवाज मात्र लांबून आला. फार लांबून.

"अगं..."



पाणी मांडीला लागलं. काहीतरी मोठं त्याला घासून गेलं. पॉलिशपेपरसारखं खरखरीत. त्याला धरलं नाही. पुढे गेलं. तिच्याकडे.

"बसवली मी! तिला का?"

तो अंधारात तिच्याकडे घुसला. हाताला तिचा दंड लागला. ओढला. पलीकडूनही कोणीतरी ओढलं... परत ओढलं...

मग सुटली.

काकांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"त्या मावशी, साडूंच्या बायको... जिवंत आहेत?" एका पोराने विचारलं.

"आहे."

लाइट आली तेव्हा फरशी कोरडी खडखडीत. रक्ताचा थेंब नाही. पण तिला पाऊल टाकता येईना. उजाडताच साडूने तिला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. रात्रीपर्यंत नितळ असलेल्या तिच्या पोटरीवर दातांचे अर्धगोल व्रण होते, पुढूनही आणि मागूनही. पांढरे. कातडी कधीच भरून आलेली.

डॉक्टरीणबाईंनी त्यावरून बोट फिरवलं.

"हे लहानपणीचं ना?" त्या म्हणाल्या. "निदान तीस वर्षं तरी झाली असतील."