सिलिंडरची जागा

सोमवारी दुपारी सुताराच्या घरातून शेवटचा सिलिंडर गेला. गेला म्हणजे लेकीनं घालवला. बायको जाऊन चार महिने झाले होते आणि तेवढ्यात सुतारानं दोनदा गॅस चालू ठेवून भांडी जाळली होती. "एक तर गॅस काढा, नाहीतर आमच्याकडे राहायला या," लेक म्हणाली. जावयाच्या सोफ्यावर, जावयाच्या टीव्हीच्या कलकलाटात मरण्यापेक्षा त्यानं विजेची शेगडी पत्करली. तरी अट होतीच. रविवारी येऊन बघेन, तुम्हाला एकट्याला झेपत नसेल तर सामान बांधायचं.

"काका, आता एका बटणावर चहा!" भिंतीत जाड वायर भरता भरता वायरमन म्हणाला.

"चहा बटणानं होत नाही, पावडरीनं होतो. कधी केलायस?"

शेगडी म्हणजे नुसता काळ्या काचेचा तुकडा. ना जाळ, ना आवाज. सुतारानं तिच्याकडे जावयाकडे बघावं तसं बघितलं.

जागा मात्र मोकळी झाली. बाथरूममधला गॅसचा गिझर गेला, आणि ओट्याखाली जिथं दोन सिलिंडर उभे असायचे तो खण रिकामा झाला. दीड खोलीच्या घरात हे घबाडच. खणात डब्यांसाठी लाकडी खोका बसवायचं त्यानं ठरवलं. कडेपासून मागच्या भिंतीपर्यंत मोजलं. बावीस इंच. प्लाय कापला, खोका केला, आत सरकवला.

खोका दोन इंच जास्तच आत गेला.

"डोळे फुटले वाटतं माझे," म्हणत त्यानं पुन्हा मोजलं. चोवीस. बुधवारी चोवीसचा खोका केला. तो पाच इंच जास्त आत गेला. शुक्रवारी एकोणतीसचा केला. तोही आत गेला. सुतारानं आधी टेपला शिव्या घातल्या, मग प्लायवाल्याला, मग भिंत बांधणाऱ्या गवंड्याच्या सात पिढ्यांना. भिंतीपलीकडे इमारतीचा जिना होता. त्यानं जिन्यात जाऊन भिंत चाचपली. सपाट होती, कुठं फुगवटा नाही. परत येऊन खणात खांद्यापर्यंत हात घातला.

हाताला काहीच लागलं नाही. बोटांना गार हवा लागली.

रविवारी लेक आली. पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधीच तिला ते तीन खोके दिसले.

"बाबा, एका खणाला तीन खोके?"

"जागा वाढतेय ती." तोंडातून निघून गेलं.

लेक ओट्यापाशी बसली आणि त्याचाच टेप आत घातला. "बावीस. सरळ बावीस आहे, बाबा." मग आवाज खाली आणून म्हणाली, "ह्यांनी सोफा रिकामा करून ठेवलाय."

"टेप धरायची अक्कल आहे का तुला? सरक."

तो गुडघ्यांवर बसला. अंगानं खण झाकला आणि टेप आत सोडला. तीन फूट. चार. सहा.

टेप ताठ झाला.

पलीकडचं टोक कुणीतरी धरलं होतं. अंगठ्याखाली दाबून, केसभरही न हलवता. घरातली मापं घेताना बायको चाळीस वर्षं असंच धरायची.

"किती आलं?" लेकीनं विचारलं.

जन्मात त्यानं खोटं माप सांगितलं नव्हतं.

"बावीस," तो म्हणाला. "तुझंच बरोबर. माझं चुकलं."

लेकीनं सुस्कारा टाकला. "मग राहा इथेच. पण चष्मा बदला हं."

ती गेली. तिची पावलं जिन्यावरून खाली उतरत ऐकू येईनाशी झाली.

"धर नीट," सुतार खणात तोंड घालून हळूच म्हणाला.

हातातल्या डबीतून पट्टी इंचाइंचानं आत जाऊ लागली. सात फूट. नऊ.

टोक धरण्यात बायकोचा हात पक्का होता.

पण तिनं कधी ओढलं नव्हतं.